जिताड्याची गोष्ट सांगायची नाही

लिफ्टचं दार मिटता मिटता फिझा आत शिरली आणि सहज बोलून गेली, "अंकल, वैभवी क्या मछली पकडती है! आपने ही सिखाया होगा ना?" आणि चौथ्या मजल्यावर उतरलीसुद्धा. फिझा म्हणजे वैभवीची शाळेपासूनची मैत्रीण, हैदराबादची, याच बिल्डिंगमधली. तिने काही बाँब वगैरे टाकला नव्हता. पण अकरावा मजला आला, दार उघडलं, परत मिटलं आणि गुणवंत म्हात्रे हातात साबुदाण्याची पिशवी धरून आतच उभा. लिफ्ट त्याला घेऊन पुन्हा खाली निघाली. मासे? आपली वैभवी? सव्वीस वर्षांची पोरगी शनिवारी पहाटे 'फ्रेंड्सबरोबर जातेय' म्हणून निघते आणि दुपारी नाक लाल करून परत येते, तेव्हा ती मासे धरून येते? तिच्या त्या हिरव्या बॅगेला ओलसर, शेवाळी वास येतो तो त्याने इतके दिवस जिमचा समजला होता. पेणच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाने! मुलगी चोरून सिगरेट ओढते असं कुणी सांगितलं असतं तरी त्याला एवढा धक्का बसला नसता. सिगरेट लपवतात का ते निदान कळतं. मासे धरणं कशाला लपवायचं, आणि तेही म्हात्र्यांच्या घरात? जिथे सुरमई मिळाली नाही तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं? तळमजल्यावर आणखी दोघं आत आले, त्यातल्या एकाने विचारलं, "विच फ्लोअर, सर?" आणि गुणवंतला पटकन आकडा आठवेना.

त्याच्या पोटात काही राहत नाही हे आखातातल्या या अल मजाज वस्तीतल्या समस्त मराठी मंडळींना ठाऊक होतं. हमरियाच्या त्याच्या पाइप कंपनीत तो क्वालिटीचा मॅनेजर. तिथे त्याचं काम म्हणजे एखाद्या पाइपात केसाएवढी चीर दिसली की जगाला ओरडून सांगायचं, आणि ती सवय तो घरी घेऊन यायचा. कुणाला प्रमोशन मिळालं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, कुणाचा मुलगा कुठल्या मुलीबरोबर कॉर्निशला किनाऱ्यावर दिसला, सगळं ग्रुपवर. त्यात वाईट हेतू मुळीच नसायचा, उलट प्रेमाचा पूर असायचा. आनंदाची बातमी एकट्याने खाणं त्याला पंगतीत एकट्याने जेवल्यासारखं वाटायचं. वैभवी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने ग्रुपवर टाकलं होतं की आमच्या कन्येने परीक्षकाला खड्ड्यातून नेलं. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हाही टाकलं. मग महिनाभर लिफ्टमध्ये, दुकानात, गणपतीच्या आरतीत जो तो तिला विचारी, "काय वैभवी, झालं का लायसन्स?" ती पास झाली ते मात्र त्याला आठवड्याने कळलं, तिने गाडी खाली आणून लावली तेव्हा. तेव्हाही तो हसला होता. आत्ता साबुदाण्याची पिशवी ओट्यावर ठेवताना ते त्याला आठवलं आणि पहिल्यांदाच त्यातलं हसू कुठे सापडेना.

त्याची बायको अनुराधा देवघरात घटासमोरची समई सारखी करत होती. तेवढ्यात त्याने वैभवीला गॅलरीत गाठलं. खाली खालिद लगूनच्या पाण्यावर दिवे लागत होते. "फिझा भेटली होती," तो म्हणाला. बस, एवढंच. वैभवीने डोळे मिटून घेतले. "आय विल किल हर," ती म्हणाली, आणि मग काचेचं दार ओढून घेऊन भराभरा बोलत सुटली. वर्ष झालं. ऑफिसमधल्या कुणीतरी पहिल्यांदा नेलं होतं. खोर फक्कानच्या रस्त्याला, डोंगर सुरू व्हायच्या आधी, एका अरबाबाचं, म्हणजे इथल्या अरब शेठचं, खजुराचं शेत आहे, त्यात तळं आहे. तळ्यात मासे आणून सोडलेत. फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी बांधून. धरायचा आणि परत सोडायचा. उन्हाळाभर बंद असतं, कारण पाणी तापलं की सोडलेला मासा जगत नाही. या शनिवारी सीझन उघडतोय. हे सगळं सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते गुणवंतने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. गेली काही वर्षं बापलेकीचं बोलणं म्हणजे 'पोचलीस का', 'जेवलीस का', 'एसीचं बिल आलं का'. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला नेशील?"

तिने काचेचं दार नीट लागलंय ना ते पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "नेईन. बट बाबा, वन कंडिशन. कुणाला सांगायचं नाही. आईला पण नाही, म्हणजे आत्ता नाही. नो फोटो, नो ग्रुप. इट्स माइन. ही एकच गोष्ट आहे इथे, जिच्याबद्दल मला लिफ्टमध्ये कुणी काही विचारत नाही." तिने 'नाहीतर' असं काही म्हटलं नाही. पण गुणवंतला ते स्वच्छ ऐकू आलं. एकदा नेईन, आणि तू बोललास तर परत कधीच विचारणार नाही. "अगं म्हणजे काय, प्रॉमिस!" तो म्हणाला आणि गळ्याला चिमटा घेतला. त्याच्या गळ्याच्या चिमट्याला बाजारात काय किंमत आहे हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी उजाडता उजाडता निघाले. अनुराधाला सांगितलं, लेक बापाला डोंगरावर वॉकला नेतेय. अनुराधा म्हणाली, "न्या बाई, त्या पोटाला जरा हलवून आणा," आणि डब्यात रताळ्याचा कीस भरून दिला. गाडी वैभवी चालवत होती, छान चालवत होती, आणि गुणवंत शेजारी बसून अस्सल बापासारखा मनातल्या मनात ब्रेक दाबत होता. दैद गावाच्या पुढे हवा एकदम हलकी झाली. काच खाली केली तर चक्क गार वारा, ऑक्टोबरचा पहिला. पाच महिने भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखे गेले होते. त्या वाऱ्याने त्याला इतका आनंद झाला की फोन काढून 'आज मस्त हवा' एवढं तरी ग्रुपवर टाकावं म्हणून हात खिशात गेला, आणि वैभवीने नुसतं बघितलं. हात बाहेर आला. "मासे कुठले सोडलेत पण?" त्याने विषय बदलला. "बारामुंडी. तो अरबाब स्कॉटलंडला शिकायला होता, तिकडच्या तळ्यांत ट्राउट सोडतात ना, त्याचं वेड घेऊन आला. इथे ट्राउट सोडले तर विल बी सूप. म्हणून बारामुंडी." गुणवंतने मान डोलावली. बारामुंडी म्हणजे कुठलातरी ऑस्ट्रेलियाचा फॅशनेबल मासा असणार, हॉटेलात लिंबाची चकती लावून देतात तसला. "आणि फी किती?" "दीडशे दिरहम." "म्हणजे साडेतीन हजार रुपये! मासा परत सोडायचे!" ती हसली, आणि त्याला बरं वाटलं.

तळं पाहून मात्र तो जरा हिरमुसला. त्याच्या डोळ्यासमोर खाडी होती, चिखल, भरतीचा वास, तिवरं. इथे खजुरीच्या रांगा, मधे आखीव पाणी, काठाला कापलेलं गवत, एक सावलीचं छप्पर, आणि टोपी घातलेला एक केरळी रखवालदार, जो प्रत्येकाला तोच नियम सांगत होता: हात ओले करा, मासा पाण्याबाहेर ठेवू नका, गळाला उलटा काटा नको. वैभवीने डबीतून एक चिमुकली वस्तू काढून त्याच्या तळहातावर ठेवली. पिसं, दोरा, चमकीची एक तार, आणि त्यात लपलेला गळ. "ही मी बांधलीय," ती म्हणाली. "घरी. रात्री तुम्ही झोपल्यावर." गुणवंतने ती उलटसुलट करून पाहिली. हिला लहानपणी सुईत दोरा ओवता यायचा नाही म्हणून शाळेची बटणं तो लावून द्यायचा. मग तिने काठी उचलली आणि दोर मागे फेकला, आणि थांबली. त्या थांबण्यातच सगळं होतं. दोर हवेत मागे पूर्ण उलगडेपर्यंत ती नुसती उभी राहिली, घाई नाही, जोर नाही, आणि मग मनगट जरासं पुढे केलं, तर दोर पाण्यावर असा उतरला की पाण्याला कळलंही नाही. ही आपली मुलगी? सकाळी एक सॉक सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी? त्याला कुणालातरी कोपराने ढोसून म्हणावंसं वाटलं, बघा हो, बघा. शेजारी कुणी नव्हतं. ते कौतुक तसंच आत राहिलं आणि छातीत गोल गोल फिरत बसलं.

त्याचं स्वतःचं फेकणं म्हणजे आनंदच होता. दोर आधी खजुरीत अडकला, मग त्याच्याच टोपीत, मग वैभवीच्या बाहीत. "बाबा, वेट! मागे गेला की थांब. यू डोंट वेट." थांबायचं कसं ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या वडिलांनाही नव्हतं. वडील पेणच्या तहसील कचेरीत कारकून, घरी अगदी मितभाषी, पण रविवारी खाडीत मासा मिळाला की माणूस बदलायचा. घर कचेरीच्या मागेच होतं, खाडीवरून सरळ पायवाटेने आलं की पाच मिनिटांत दारात. पण मासा मोठा असला की वडील सायकलच्या हँडलला तो टांगून उलट्या बाजूने बाजारपेठेतून यायचे. हळूहळू, पेडल मारत. सोनाराच्या दुकानापाशी उतरून उगाच चाकातली हवा बघायचे. "अरे वा, म्हात्रे!" असं कुणीतरी म्हटल्याखेरीज पुन्हा चढायचे नाहीत. मागे कॅरिअरवर बसलेला गुणवंत त्या प्रत्येक 'अरे वा'ने वीतभर उंच व्हायचा. न सांगितलेला मासा हा धरलेलाच नाही, असं त्याच्या अंगात तेव्हापासून मुरलेलं. ऊन चढत होतं, पाठीला घाम आला होता, आणि केव्हातरी, का कोण जाणे, दोर मागे गेला तेव्हा तो खरंच थांबला. दोर उलगडला. पुढे गेला. उतरला. "येस्स!" वैभवी मागून ओरडली, आणि त्याच क्षणी पाणी फुटलं.

काठी वाकली, दोर सरसरत गेला, गुणवंतच्या तोंडातून आई, देवी, एकवीरा सगळ्या एकदम बाहेर पडल्या. "ओढू नको! जाऊ दे! लेट हिम रन! आता घे, आता घे!" वैभवी गुडघाभर पाण्यात उतरली होती. मासा हवेत उसळला, चंदेरी, जाडजूड, लाल चमकणाऱ्या डोळ्यांचा. तो डोळा, ती पाठीवरची कमान, ती गोल शेपटी. "अगं, हा जिताडा!" तो किंचाळला. "कसली बारामुंडी घेऊन बसलीस, हा जिताडा आहे, जिताडा!" ज्याच्यासाठी जावयाला तार करून बोलावत, जो पेणला शेततळ्यात वर्षभर सांभाळून मोठा करत, तो जिताडा खजुरीच्या शेतात, वाळवंटात, त्याच्या गळाला! जाळी आली. मासा जाळीत, पाण्यात, पाच किलोच्या खाली नक्की नाही. त्याने हात ओले केले, नियमाप्रमाणे. मासा दोन्ही हातांनी उचलला. आणि मग त्याच्या अंगठ्याने, त्याला न विचारता, कल्ला उघडला.

तीस वर्षं मासळीबाजारात तो हेच करत आला होता. मासा हातात आला की कल्ला उचलायचा, आतला लाल रंग बघायचा, बोट फिरवून वास घ्यायचा, मग मान हलवायची. जिवंत, तडफडणाऱ्या माशाचा ताजेपणा तपासणारा असा माणूस त्या तळ्यावर बहुधा दुसरा झाला नसेल. "बाबा, नो!" वैभवीची हाक ऐकून रखवालदार धावत आला. "सर! सर! नो टच गिल्स! फिश डाय!" गुणवंतने चटका बसल्यासारखा हात काढला. वैभवीने मासा त्याच्याकडून घेतला, पाण्यात आडवा धरला, एक हात शेपटीला, एक पोटाखाली. मासा हलत नव्हता. गुणवंत पाण्यात उभा राहिला, बूट, सॉक्स, सगळं भिजलेलं, आणि त्याच्या मनात नवरात्र, देवी, आणि देवीच्या नऊ दिवसांत आपण मारलेला जीव हे सगळं गोल फिरायला लागलं. पण खरं सांगायचं तर भीती माशाची नव्हती. एकदा नेलं आणि काय केलंस बघ, असं ती आता मनात म्हणत असणार. आता 'पोचलीस का' आणि 'जेवलीस का' एवढंच उरणार, आयुष्यभर. त्याला रडू यायला लागलं, भर उन्हात, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला. मग जिताड्याचा कल्ला एकदा हलला. पुन्हा हलला. वैभवीने हात सैल केले, आणि मासा शेपटीचा एक फटकारा दोघांच्या तोंडावर मारून निघून गेला. ती ओल्या चेहऱ्याने वळली. "ताजा होता का?" तिने विचारलं. तिच्या ओठांचा कोपरा थरथरत होता. "एकदम," गुणवंत म्हणाला. "घ्यायला हरकत नव्हती." आणि ती पाण्यात बसकण मारून हसायला लागली, इतकी की रखवालदारालाही हसू आलं.

दुपारी विष्णू ठाकूरकडे जेवायला जायचं होतं. विष्णू अलिबागचा, पलीकडच्या टॉवरमध्ये राहतो, त्याची बायको मनोरमा दर नवरात्रात चार घरांना उपासाचं जेवायला बोलावते. आणि उपासाच्या पानावर बसलेली कोकणातली माणसं जेवढं माशांबद्दल बोलतात तेवढं मासे खातानाही बोलत नाहीत. वऱ्याचे तांदूळ वाढून होत नाहीत तोवर विष्णू सुरू झाला. मागच्या वर्षी खोर फक्कानला भाड्याची बोट घेतली होती, तेव्हाचा जिताडा. "एवढा!" त्याने हात पसरले, मनोरमाच्या कानाला कोपर लागलं. "दोघांनी उचलला. यल्ला यल्ला करत बोटवाला पळत आला." गुणवंतने दाण्याच्या आमटीत मान घातली. जिताडा हा शब्द ऐकल्याबरोबर सकाळचं सगळं त्याच्या घशापर्यंत चढून आलं होतं, ती उसळी, तो लाल डोळा, शेपटीचा फटकारा. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. समोर सोफ्यावर मुलांच्या घोळक्यात वैभवी ताटली घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि ती बघत नाहीये हेच त्याला सारखं दिसत होतं. त्याने ताकाचा पेला उचलला आणि एका दमात संपवला.

"अहो, बरं नाही का?" अनुराधाने हळूच विचारलं. "जिताड्याचं निघालं आणि तुम्ही गप्प?" "पित्त झालंय जरा," तो म्हणाला. विष्णूला चेव आला. "अरे, गुणवंता काय बोलणार? पेणचा नुसता नावाला! जन्मात गळाला काही लागलंय का याच्या? इथल्या नोकरीचं लेबर कार्ड सोडून?" सगळे हसले. गुणवंतही हसला. कानशिलं तापली होती, जीभ दाताखाली धरून ठेवली होती, डोळ्यात पाणी येईल की काय वाटत होतं, आणि तरीही, काय गंमत बघा, आत कुठेतरी त्याला छान वाटत होतं. आपल्यापाशी काहीतरी आहे आणि ते आपण धरून ठेवू शकतो, हे त्याला आत्ताच कळत होतं. "नाही रे बाबा," तो म्हणाला. "आमच्या नशिबात कुठला जिताडा. मनोरमावहिनी, थोडे तांदूळ वाढा."

"विष्णूकाका," सोफ्यावरून आवाज आला, "बाबांनी आज सकाळी जिताडा धरला."

मनोरमाचा हात तांदळाच्या पातेल्यात राहिला. अनुराधा वळली. "आज? कुठे? तुम्ही तर वॉकला—" "मीच नेलं होतं," वैभवी म्हणाली. "मी जाते दर शनिवारी. मी शिकवलं त्यांना." विष्णू हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने विचार बदलला. "बरं. केवढा होता?" त्याने विचारलं, जरा खवचटपणे.

वैभवीने ताटली खाली ठेवली. उठली. सोफ्यासमोर मोकळी जागा होती, तिथे येऊन तिने दोन्ही हात पसरले. विष्णूच्या जिताड्यापेक्षा वीतभर जास्तच पसरले आणि गुणवंतकडे बघत तसेच धरून ठेवले. मासा एवढा मुळीच नव्हता. याच्या निम्मा असेल, फार तर थोडा जास्त. केसाएवढी चीर दिसली की जगाला ओरडून सांगणाऱ्या माणसाने त्या दोन हातांच्या मधलं अंतर नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. "हो," तो म्हणाला. "तेवढाच होता."